भुताचा रंग आणि दुकानाची पत

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : वेशभूषा स्पर्धेत यंदा मुलाने कोण व्हायचे? एके काळी या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. कोणी शिवराय होई, कोणी झाशीची राणी, कोणी भाजीवाली, तर कोणी टोपी घालून नेहरू. अलीकडे मुलांची निवड बदलली आहे. भूत, हडळ, सांगाडा, चेटकीण अशी मंडळी आता रंगमंचावर मोठ्या उत्साहाने अवतरतात. पालकांना हे रुचत नसले तरी मुलांना भीती घालण्याचा आणि स्वतः भीतीवर हसण्याचा आनंद जुनाच आहे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेल्या चेटकिणीला पाहून पोरे किंचाळत आणि पुढच्याच क्षणी खदखदून हसत. तो अनुभव आज आजी-आजोबा झालेल्या अनेकांच्या स्मरणात असेल.

कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी, तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या एका जैन कुटुंबात गेल्या वर्षी हाच प्रसंग आला. घराचे कटलरी, स्टेशनरी आणि सौंदर्यप्रसाधनांचे दुकान आहे. चौथीत शिकणाऱ्या नातीने रात्री जाहीर केले, “मी यंदा भूत होणार.”

आजींच्या हातातील जपमाळ थांबली. “जैनाच्या घरात जन्म घेऊन भूत कशाला व्हायचं गं? चंदनबाला हो, राजुल हो.”

“त्या मागच्या वर्षी तिघीजणी झाल्या होत्या,” नात म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते.

सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे सांगितले, “भूत म्हणजे आपल्या शास्त्राला अनोळखी गोष्ट नव्हे. तत्त्वार्थसूत्रात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत. किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत आणि पिशाच. तेही आपल्यासारखेच संसारी जीव, आपापल्या कर्मांनी बांधलेले. त्यांची भीती बाळगण्याचं कारण नाही, आणि त्यांची टवाळीही करायला नको. वेष घ्यायचा तर नीट घ्यावा.”

आजींनी दोन अटी घातल्या. पहिली, अंगावर रक्त दाखवायचे नाही. दुसरी, कोणाच्या व्यंगाची, भाजलेल्या किंवा रोगाने विद्रूप झालेल्या चेहऱ्याची नक्कल करायची नाही. कारण प्रेक्षकांत तसे दुःख भोगणारे कोणी बसलेले असू शकते. दोन्ही अटी नातीने मान्य केल्या आणि विषय संपला, असे सर्वांना वाटले.

खरा विषय दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मुलाने दुकानातून चेहरा रंगवण्याचा एक संच घरी आणला. परदेशी बनावटीचा, देखणा, इतर संचांपेक्षा महाग. डबीवर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक रंग’ असे लिहिले होते. संमेलनाच्या हंगामासाठी त्याने असे चोवीस संच मागवले होते आणि त्यांतील अकरा विकले गेले होते. घेणारी बहुतेक मंडळी समाजातीलच. “रासायनिक नाही, नैसर्गिक आहे, निःशंकपणे घ्या,” असे तो स्वतः प्रत्येकाला सांगत आला होता, आणि ते त्याला मनापासून खरे वाटत होते.

नातीने आजोबांचे भिंग घेतले आणि डबीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरे वाचू लागली. रंगांची नावे नव्हती, नुसते आकडे होते. “आजोबा, हे काय आहे? ७७८९१, ७७४९९, ७५४७०.”

प्रसाधनांतील रंगद्रव्यांना ‘सी.आय.’ या अक्षरांपुढे पाच आकडी क्रमांक दिलेला असतो. बँकेत जसा खाते क्रमांक, तसाच हा. नाव काहीही छापलेले असो, क्रमांकावरून मूळ कळते. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, हा खनिजजन्य पांढरा. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे अनुक्रमे तांबडे, पिवळे आणि काळे लोह ऑक्साइड. येथवर काही अडचण नाही. परंतु ७५४७० म्हणजे कार्माइन. हा सुंदर किरमिजी रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या कीटकाच्या मादीपासून मिळतो. मेक्सिको, पेरू आणि कॅनरी बेटांत या किड्यांची जोपासना होते. ते गोळा करून, मारून, वाळवून त्यांपासून रंग काढतात. एका पौंड रंगासाठी सुमारे ७० हजार कीटक लागतात, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. ‘कोचिनील’, ‘नॅचरल रेड ४’ आणि खाद्यपदार्थांवरील ‘ई १२०’ ही त्याचीच नावे.

मुलाने मोबाइलवर हे सारे वाचले आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द खोटा नव्हता. कीटकही निसर्गातलाच. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘अहिंसक’ असा अर्थ ग्राहकाने लावला होता, आणि तो लावण्यास त्याच्याच बोलण्याचा हातभार लागला होता.

“अण्णा, मला माहीत नव्हतं,” तो वडिलांना म्हणाला.

“ठाऊक आहे. आजवर जे झालं ते अजाणता झालं,” आजोबा म्हणाले. “पण आता कळलं आहे. यापुढे गप्प राहिलास तर ते अजाणता म्हणता येणार नाही. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार सांगितला आहे, तो दुकानदारासाठीच आहे. एक वस्तू दाखवून दुसरी देऊ नये.”

“तेरा संच शिल्लक आहेत. आणि अकरा जणांना काय सांगू?”

“जे खरं आहे ते सांग.”

आपल्या पूर्वजांनी श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ येते, हे येथे आठवावे. लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळते. त्या काळी लाखेचा व्यापार म्हणजे बांगड्या, रंग आणि मोहोर यांचा व्यापार होता. आज तीच लाख ‘शेलॅक’ या नावाने नखांच्या रंगात आणि केसांच्या फवाऱ्यांत आढळते. शास्त्रकारांनी वस्तूचे नाव नव्हे, तिचे मूळ पाहिले होते. आजच्या व्यापाऱ्यालाही तेच करावे लागते. फरक इतकाच की, मूळ आता बारीक अक्षरांत आणि आकड्यांत लपलेले असते.

या यादीत कार्माइन आणि शेलॅक हे दोनच नाहीत. ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाश्यांचे मेण. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीमचा तोच पाया. ‘लॅनोलिन’ म्हणजे मेंढीच्या लोकरीतील चरबीसारखा पदार्थ. ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांपासून मिळणारी मोतिया चकाकी. ७७२६७ हा काळा रंग जनावरांची हाडे जाळून करतात. मात्र त्याचा शेजारी ७७२६६ हा साधा कार्बन आहे. खोट्या जखमा उठवण्यासाठी वापरले जाणारे जिलेटिन हाडे व कातडी यांपासून बनते, आणि खोट्या रक्ताच्या अनेक घरगुती कृतींत मध असतो. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचेही असते, चरबीचेही. तेथे उत्पादकाला लेखी विचारण्यावाचून मार्ग नाही. ‘क्रुएल्टी फ्री’ या शब्दांनीही फसू नये. त्यांचा संबंध प्राण्यांवरील चाचण्यांशी आहे, घटकांशी नाही. प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे. परंतु चाचणी न केलेल्या डबीतही कार्माइन असू शकते. उलट खाण्याच्या लाल रंगांतील ‘कार्मोइसिन’ हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. तो कृत्रिम आहे, कीटकजन्य नाही.

मग भूत कशाने रंगवायचे? नातीचा चेहरा पडला होता. तेव्हा तिच्या आईने पदर खोचला. महाविद्यालयात असताना नाट्यमंडळात तिने रंगभूषा सांभाळली होती. ती म्हणाली, “रक्त नको म्हटल्यावर लाल रंग लागतोच कुठे? भुताला पांढरा, राखाडी आणि सावली एवढंच लागतं.”

रंगभूषेच्या इतिहासात पांढऱ्या रंगाने फार माणसांचे नुकसान केले आहे. कित्येक शतके चेहरा गोरा करण्यासाठी शिशाचा सफेदा वापरला जाई आणि तो नटांच्या व श्रीमंत स्त्रियांच्या अंगात विष भिनवी. जर्मनीतील लुडविग लाइखनर या गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये शिसेविरहित रंगकांड्यांचा कारखाना काढला, तेव्हा रंगभूमीला मोठा दिलासा मिळाला. शिशाचा धोका आजही पुरता संपलेला नाही. काही सुरम्यांत शिसे असते. म्हणून सुट्या पुडीतील सुरमा मुलांच्या डोळ्यांत कधीही घालू नये. पोस्टर कलर, कापडाचे रंग, होळीचे रंग आणि गोंद यांची जागा चेहरा नव्हे. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक यांपैकी काही नाही, ती स्वस्त असली तरी परत ठेवावी.

संमेलनाच्या दोन दिवस आधी आईने घरीच पांढरा लेप केला. एक चमचा पेट्रोलियम जेली. तिच्यात मक्याचे बारीक पीठ थोडे थोडे घालत सुमारे दोन चमचे, गुठळी राहणार नाही असे घोटून. पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून येते, त्यामुळे मेणाचा प्रश्न नाही. हा लेप चुन्यासारखा दाट पांढरा होत नाही, फिकट दिसतो. आणि भुताला तेच शोभते. शुभ्र पांढरा चेहरा भुताचा न वाटता विदूषकाचा वाटतो. काळ्यासाठी दिवसाउजेडी एरंडेलाची वात लावून, वर तांब्याचे ताट धरून काजळी धरली. सावलीसाठी तिच्या पेटीतील तपकिरी आयशॅडो होतीच. तिचेही क्रमांक नातीने भिंगाखाली तपासले, तेव्हाच ती डबी पसंत झाली. यांतील प्रत्येकाचा ठिपका कोपराच्या आतील बाजूस लावून चोवीस तास ठेवला. खाज नाही, पुरळ नाही, हे पाहिल्यावरच पुढचे ठरले.

संमेलन शनिवारी सायंकाळी सातला होते. घरातील सर्वांनी सूर्यास्तापूर्वी जेवून घेतले. यात नियम तर पाळला गेलाच, शिवाय एक सोयही झाली. कारण ओठांना रंग लावल्यावर खाल्ले तर तो पोटात जातो.

आईने मुलीचे केस मागे बांधले, चेहरा धुऊन पुसला आणि खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवला. मग ओलसर स्पंजने लेप नाकापासून कानांकडे, थापटत थापटत. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत. जाड थर हसताना भेगाळतो. कान, मान, केसांची कड आणि हातांचे पंजे यांनाही तोच लेप लावला. नवशिक्यांची चूक येथेच होते. चेहरा भुताचा आणि हात मात्र रोजचे, मग कोणी घाबरत नाही.

“आता गाल आत ओढ,” आई म्हणाली. गाल आत ओढले की हाडाखाली जो खळगा दिसतो, तेथे तपकिरी सावली भरायची. डोळ्यांच्या खोबणीत, कानशिलांवर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंस तीच सावली. काळे थेट न वापरता तपकिरीत थोडी काजळी मिसळून. डोळ्याच्या आतल्या कडेला काहीच लावायचे नाही. भुवईचे हाड, गालाचा उंचवटा आणि हनुवटी यांवर पांढऱ्याचा आणखी एक बोटभर स्पर्श. जे खोल ते गडद, जे उंच ते उजळ, एवढाच हिशेब. कडा बोटाने विरवल्या की रेघ नाहीशी होते आणि हाड दिसू लागते. शेवटी मुलीला डोळे मिटून श्वास रोखायला सांगून मक्याच्या पिठाचा पफ हलकेच दाबला. पीठ उडवले तर ते नाकातोंडात जाते, म्हणून दाबायचे.

तीन वर्षांचा धाकटा भाऊ हे सारे आजोबांच्या मांडीवरून पाहत होता. आईने त्याला मुद्दामच बोलावले होते. १९६९ साली रेटा डिव्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका मांजराला कुत्र्याचा मुखवटा चढवून मुलांना दाखवला. तीन वर्षांच्या मुलांना ते खरोखरच कुत्रे झाले असे वाटे, तर सहा वर्षांच्या मुलांना आतले मांजर मांजरच आहे हे ठाऊक असे. लहानग्यांचा हा स्वभाव ध्यानात ठेवला नाही, तर ताईचे भूत त्यांच्या झोपेत शिरते. म्हणून रंग चढताना त्यांना पाहू द्यावे, एक ठिपका त्यांच्या हातून लावून घ्यावा.

त्यानेही आपल्या हाताने ताईच्या नाकावर पांढरा ठिपका दिला, आणि आजोबांनी त्याला गोष्ट सांगितली. “बाल वर्धमान मित्रांबरोबर झाडावर खेळत होते. त्यांची परीक्षा पाहायला एक देव मोठ्या सर्पाचा वेष घेऊन आला आणि झाडाला विळखा घालून बसला. बाकीची मुलं पळाली. वर्धमान पळाले नाहीत.”

“मग?”

“मग देवाला आपला वेष उतरवावा लागला. भिणाराच नसेल तर सोंगाचं काय काम?”

ही कथा आपल्या दोन्ही परंपरांत थोड्याफार फरकाने येते. बालकाला ‘महावीर’ हे नाव मिळण्याशी तिचा संबंध जोडला जातो.

रंगमंचावर नातीला तिसरे बक्षीस मिळाले. पहिले बक्षीस एका छोट्या भाजीवालीला गेले, आणि ते योग्यच होते. पण जेव्हा दिवे मंद झाले आणि पायाशी धरलेल्या विजेरीचा उजेड खालून चेहऱ्यावर पडला, तेव्हा सभागृहात क्षणभर शांतता पसरली. आपल्याला उजेड वरून पडण्याची सवय असते. तो खालून आला की ओळखीच्या चेहऱ्याच्या सावल्या उलटतात आणि तो परका वाटतो. त्या शांततेत धाकट्याचा आवाज घुमला, “ती माझी ताई आहे. नाक मी केलंय!”

घरी आल्यावर झोपण्यापूर्वी सारा रंग उतरवला. तेलकट लेपाला पाणी लागू पडत नाही. त्याला तेलच लागते. खोबरेल तेल चोळून मऊ कापडाने टिपून घ्यायचे, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. घासायचे नाही. पाण्यात मिसळणारे तयार रंग असतील, तर मात्र आधी ओल्या कापडानेच पुसावेत.

दुकानातील गोष्ट मात्र संमेलनाआधीच मिटली होती. ज्या दिवशी भिंगाखाली तो आकडा सापडला, त्याच संध्याकाळी मुलाने बिलबुक काढले. अकरा ग्राहकांपैकी आठ जणांची नावे सापडली. तिघांनी रोखीने, बिलाशिवाय नेले होते. आठही जणांना त्याने स्वतः फोन केला. पहिला फोन लावताना त्याचा आवाज अडखळला, असे त्याची पत्नी सांगते. “मी तुम्हाला नैसर्गिक म्हणून दिलं. त्यातला लाल रंग किड्यांपासून केलेला आहे. मला ठाऊक नव्हतं, माझी चूक झाली. परत आणा, पैसे देतो.” पाच जणांनी संच परत केले. दोघांनी तो आधीच वापरला होता. एकाने सांगितले की, आम्हाला चालतो, राहू द्या. उरलेल्या तिघांसाठी दुकानाच्या दारावर आठ दिवस सूचना लावली. तिघांपैकी एक जण आला. शिल्लक तेरा संच वितरकाने वाहतुकीचा खर्च कापून परत घेतले. परत आलेले फोडलेले संच मात्र अंगावर पडले.

महिनाअखेरीस वही लिहिताना मुलाने विचारले, “अण्णा, हे कोणत्या खात्यावर टाकू?”

“नुकसानच आहे, नुकसान म्हणूनच लिही,” आजोबा म्हणाले. “हिशेबात पुण्य दाखवायचं नसतं.”

या व्यवहारात दुकानाची रक्कम गेली, हे खरे. पण सूचना वाचून एक गृहस्थ आत आले, तेही जैन नव्हेत. त्यांच्या सुनेला कोणत्याशा लाल रंगाने ओठांवर पुरळ उठले होते. कार्माइनची अॅलर्जी काही जणांना असते. त्यांनी विचारले, “तुमच्याकडे आकडे वाचून देतात म्हणे?” आता त्या दुकानात प्रसाधनांच्या कपाटाशेजारी एक भिंग दोरीला बांधून ठेवलेले आहे, आणि नवी मागणी नोंदवताना घटकांच्या मुळाबद्दल वितरकाकडून लेखी उत्तर मागवले जाते. काही वितरक उत्तर देतात, काही देत नाहीत. जे देत नाहीत, त्यांचा माल येत नाही.

ज्या घरांत येत्या हंगामात एखादे लहानसे भूत जन्माला येणार असेल, त्यांनी एवढे करावे. डबीच्या पुढच्या बाजूवरील शब्दांवर न जाता मागचे आकडे वाचावेत. ठिपका लावून एक दिवस थांबावे. सूर्यास्तापूर्वी जेवून मग ओठ रंगवावेत. धाकट्याला जवळ बसवावे. आणि ज्यांचे दुकान आहे त्यांनी, आपल्या मुलीच्या चेहऱ्याला जे लावणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलीसाठी पुडीत बांधताना एकदा थांबावे.

जय जिनेंद्र.